दमाची साक्ष

मला लोक संशयी म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. दूधवाला हसून "काय ताई, बरं आहे ना?" म्हणाला, की मी आधी माप बघते. हा गुण आईचा. आमची आई एका निवासी आश्रमशाळेत स्वयंपाक करते. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबिरीची जुडी जास्त घातली, तर ती जुडी सोडून आतून बघते. चोरताप नावाच्या साथीच्या पहिल्या लाटेत ती मरता मरता वाचली. तेव्हापासून तर आमच्या घरी पाहुण्याच्या शिंकेचीसुद्धा चौकशी होते.

मी प्राजक्ता ढाणे. आडनावावरून आमचे प्रशिक्षक गुजले सर मला 'ढाण्या' म्हणतात. विट्याकडच्या आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्याला तृप्ती कदम आणि तिचा हात धरून शेजारी मी, ही जोडी तीन वर्षं पक्की. तृप्ती चढाईलाही पहिली. तिची थट्टा ठरलेली होती, "हिच्या आडनावातच दम आहे बाई, आपल्या कुठं!" आणि या हंगामात तर तिला भलताच सूर सापडला होता. तिघींनी धरून खाली पाडली तरी 'कबड्डी कबड्डी' चालूच, सरपटत सरपटत बोटं मध्यरेषेला लावायची आणि उठून हात झटकायची. समोरच्या पोरी बघत राहायच्या.

ही गोष्ट राज्य आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. चोरतापाची तिसरी लाट ओसरत होती, पण गेली नव्हती. ताप यायच्या आधी दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, हसतो, जेवतो आणि सगळ्या घराला रोग वाटून टाकतो, म्हणून लोकांनीच त्याचं नाव चोरताप ठेवलं. अशा दिवसांत कबड्डी खेळवायची म्हणजे सरकारला घाम फुटला होता. ज्या खेळात अंगाला अंग लागतं आणि तोंडानं अखंड मंत्र चालतो, त्याला परवानगी द्यायची कशी?

तर नियम असे निघाले. प्रेक्षक नाहीत. हॉलची दारं उघडी आणि चारी कोपऱ्यांत बैलगाडीच्या चाकाएवढे पंखे. प्रत्येक मुलीला नाकापासून हनुवटीपर्यंत घट्ट बसणारा मास्क. मॅटवर ज्या दोघी साखळी धरणार, त्यांनी राहायचं, जेवायचं, झोपायचं एकाच खोलीत, बाकीच्यांपासून लांब. आणि जोडीतली एक बाधित निघाली, की दुसरीही तिच्याबरोबर बंद. भिंतीवर आरोग्य खात्याचा फलक होता, 'साखळी तोडा!' आणि त्याच्याखाली उभे राहून गुजले सर ओरडायचे, "साखळी सोडू नका गं पोरींनो!" आम्हाला हसू आवरायचं नाही.

सगळ्यांत नवी गोष्ट म्हणजे कंठपट्टी. गळ्याला चिकटवायची, दोन बोटं रुंद, अंगाच्या रंगाची. पुण्याच्या डॉ. मेहेंदळे मॅडमनी ती शोधली होती. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं, अगदी सोप्या भाषेत.

"चोरताप आधी कुठं बसतो? स्वरयंत्राच्या पडद्यांवर. ताप यायच्या दोन दिवस आधी ते पडदे किंचित सुजतात. तुमच्या कानाला फरक कळणार नाही, पण कातडीवरची थरथर मोजली तर कळतो. अडचण एवढीच, की प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि प्रत्येक वेळी माणूस वेगळं बोलतो. मग तुलना कशाशी करायची? मला अशी माणसं हवी होती जी एकच शब्द, एका श्वासात, रोज शंभर वेळा म्हणतात." मॅडम हसल्या. "अशी जमात जगात एकच आहे. पट्टी तुमच्याच शब्दावर शिकली. आता ती शाळांतली मुलं, आश्रमशाळा, सगळीकडे लागतेय. तिथं मुलं रोज सकाळी एका दमात 'कबड्डी' म्हणतात."

पट्टी गप्प असली की तब्येत ठीक. लाल दिवा लागला की संपलं. शिवाय मास्कमुळे पंचाला दम ऐकू येत नाही, म्हणून पट्टी तो आवाज पंचाच्या टेबलावरच्या स्पीकरला पोचवायची. पूर्वी पट्टी फक्त सकाळी तपासायला लावत. सामन्यात लावून खेळायचं हे पहिल्यांदाच. पोरींनी तिचं नाव 'चहाडी' ठेवलं. "चहाडीनं काय सांगितलं गं आज?" असं आम्ही खिडकीतून एकमेकींना विचारायचो.

माझं हे शेवटचं वर्ष. फायनलला काचेआड पोलीस संघाचे निवडकर्ते बसणार होते, त्यांना एक पकड करणारी मुलगी हवी होती आणि वयाच्या अटीमुळे मला पुन्हा संधी नव्हती. ती जागा मला हवी होती. पोटातून हवी होती. वर्दी, पगार, आईला त्या धुरकट स्वयंपाकघरातून बाहेर काढणं, सगळं त्या एका सामन्यावर होतं.

सेमीफायनल आम्ही धूळ चारून जिंकलो. शेवटच्या चढाईत तृप्तीला चौघींनी कवळ्यात घेतलं होतं, तरी ती रेषेला पोचली. शिट्टी वाजली. आम्ही उड्या मारत तिला उचलायला धावलो आणि तेवढ्यात तिच्या गळ्यावर लाल दिवा लागला.

पोरी जागच्या जागी थांबल्या. मग एकेक पाऊल मागे सरल्या. तृप्तीला कळेना काय झालं, ती हात पसरून तशीच उभी. मला मागे सरकायची सोयच नव्हती, नियमानं मी तिच्या गळ्यात बांधलेली.

घशातला नमुना घेतला. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीसुद्धा गप्प. मी म्हटलं, सुटलो! मॅडम म्हणाल्या, "तसं नसतं. सुरुवातीला सूज कमीजास्त होते आणि नमुन्यात सापडण्याइतके विषाणू जमायला दोन दिवस जातात. तोवर फक्त पट्टीला कळतं. एकदा लाल म्हणजे लाल." फायनल त्याच संध्याकाळी होती. आवाज बदलायचं दुसरं काही कारण असेल, तर दुपारी समितीपुढे अपील करायची मुभा होती.

खोलीचं दार लावलं आणि मी तृप्तीकडे वळले.

"कुणाला भेटत होतीस?"

"कुणाला म्हणजे?"

"रोज दुपारी मला झोप लागली की तू पाण्याच्या टाकीमागं जातीस. परत येतीस तेव्हा तोंड लालबुंद आणि धाप लागलेली. मी आंधळी न्हाई."

"फिरायला जात होते."

"कुणासंगं?"

"वाऱ्यासंगं," ती म्हणाली आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

वारा म्हणे! वाऱ्याला भेटून कुणाचं तोंड लाल होतं? यजमान कॉलेजचा तो उंच पोरगा, पंखे लावायला यायचा तो, मला आठवला. तो तिच्याकडे बघून उगाच हसायचा. मग मला तिचं सगळंच आठवायला लागलं. फोन उशीखाली का ठेवते, माझ्याशी बोलताना हल्ली नजर का चुकवते. तीन वर्षं जिचा हात धरला तिचा पाण्याचा ग्लास मी उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिनं पांघरुणातून ते पाहिलं.

खिडकीबाहेर गुजले सर आले. त्यांचा संशय वेगळाच.

"ढाण्या, यात काळंबेरं आहे. फायनलला समोर कोण? यजमान. पट्ट्या तपासणारा तंत्रज्ञ कुणाचा? यजमानांचा. त्यांच्या बारा पोरींत एकपण लाल नाही, आणि लाल कोण तर आपली कदम! दुधखुळा समजतात काय मला?"

"मग आता, सर?"

"अपील. कारण मी काढलंय." सरांनी आवाज खाली आणला. "काल नाष्ट्याला मिसळ होती. कदमला जबर ठसका लागला, घसा सोलवटला. तू शेजारी होतीस. एवढं सांगायचं."

"मिसळ नव्हती सर, उपमा होता."

"समितीला काय माहीत?"

तृप्ती पांघरुणातून उठून बसली. सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी सांगते काय ते," एवढंच म्हणाली.

समिती क्रीडासंकुलाच्या मोकळ्या व्हरांड्यात बसली होती, खुर्च्या लांब लांब टाकून. अध्यक्ष तांबोळी सर, म्हातारे पंच, उभी हयात मैदानावर गेलेली. शेजारी मेहेंदळे मॅडम लॅपटॉप घेऊन. गुजले सरांनी घसा खाकरून मिसळीला सुरुवात केली, तोच तृप्ती उभी राहिली.

"सर, मी आजारी नाही. मी दम चोरते."

गुजले सरांचं तोंड उघडंच राहिलं.

"नीट सांग," तांबोळी सर म्हणाले.

"कबड्डी म्हणताना आपण श्वास बाहेर सोडतो. तो संपत आला की मी आत ओढते, पण शब्द न थांबवता. म्हणजे आत घेतानाही कबड्डीच म्हणते. मास्क असल्यामुळं तोंड दिसत नाही. स्पीकरवर नुसती थरथर ऐकू येते, ती अखंड वाटते." तिनं खाली मान घातली. "सरावात करत नाही, सकाळच्या तपासणीत करत नाही. फक्त सामन्यात, अंगाशी आलं तरच. या स्पर्धेत ती वेळ कालच पहिल्यांदा आली."

"आमच्या वेळी असा गडी आम्ही तोंडावरून ओळखायचो," तांबोळी सर हळू आवाजात म्हणाले. "ओठ आत वळतात. आता मास्कनं ओठच झाकले."

मेहेंदळे मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या होत्या. "श्वास आत घेताना आवाज काढला, तर पडदे वेगळ्याच तऱ्हेनं हलतात. माझ्या पट्टीनं तसला आवाज कधी ऐकलेलाच नाही. तिला दोनच गोष्टी शिकवल्यात, निरोगी आणि बाधित. निरोगी वाटलं नाही, की ती लाल होणार! हे खरं असेल तर ही मुलगी बाधित नाही."

"खरं असेल तर," तांबोळी सर म्हणाले, "कदमला दोन वर्षं बंदी. त्या चढाईचा गुण वजा, निकाल काही बदलत नाही. आणि ढाणे मोकळी. संध्याकाळी खेळू शकते." ते माझ्याकडे वळले. "तू तीन वर्षं हिच्याबरोबर आहेस. तुला कधी तसं ऐकू आलं?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण माझं डोकं भलतीकडेच धावलं. मला वाटलं, आलं लक्षात! ही टाकीमागं त्याला भेटली, रोग घेऊन आली, आणि आता माझी फायनल जाऊ नये म्हणून स्वतःच्या नावाला काळं फासून घेतीय. चोर म्हणवून घेतीय माझ्यासाठी. सकाळी मी तिचा ग्लास लांब ठेवला होता, ते आठवून माझीच मला लाज वाटली. आणि ती खरंच बाधित असेल तर माझ्यातही ते आलंच असणार, मग मी संध्याकाळी कुणाकुणाच्या गळ्यात पडणार होते? जगात सगळ्यांवर संशय घेतला मी, पण या पोरीच्या खेळावर कधी घेतला नव्हता. तिथं मी डोळे मिटून उभी राहायचे.

"खोटं बोलतीय ही," मी म्हणाले. "सर, हिच्याइतकं इमानदार खेळणारं मी कुणी बघितलं नाही. दम चोरणं हिला येतच नाही. मला खेळायला मिळावं म्हणून थापा मारतीय. वाटल्यास करून दाखवायला सांगा."

"ढाणे, गप्प बस ना," तृप्ती कळवळून म्हणाली.

"नाही बसणार. दाखव की! येतंय तर दाखव."

मॅडमनी तिच्या गळ्याला पट्टी लावली. तृप्तीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे, मला कळलंय गं बाई सगळं. तिनं सुरुवात केली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. स्पीकरवर आवाज बारीक होत गेला, घरघरला आणि थांबला. पट्टी गप्प.

"नाही जमत," ती म्हणाली.

तांबोळी सरांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, मैत्री चांगली गोष्ट आहे. पण तिच्यापायी स्वतःला चोर म्हणवून घेऊ नये." त्यांनी अपील फेटाळलं. गुजले सर बाहेर माझ्यावर खेकसले, "ढाण्या, तोंडाशी आलेला घास घालवलास!" मला त्याचं काही वाटलं नाही. मी छाती काढून चालत होते.

पण संध्याकाळी वाटलं. विलगीकरणाच्या खोलीत तृप्तीच्या फोनवर फायनल बघताना आमचा डावा कोपरा उसवत गेला. आमच्या जागी उभ्या केलेल्या दोघींना एकमेकींचा अंदाजच येत नव्हता. आम्ही हरलो. सामना संपल्यावर पोलीस संघाचे निवडकर्ते यजमानांच्या एका मुलीशी बोलताना दिसले आणि मी उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडले. तृप्ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. तिनं मला हात लावला नाही, मला वाटलं ताप आला असेल म्हणून लांब राहतीय.

ताप आला नाही. तिलाही नाही, मलाही नाही. रोज नमुना घेतला जायचा, रोज काही सापडायचं नाही. तिसऱ्या दिवशी गुजले सरांचा फोन आला, आवाज नुसता फुटत होता.

"ढाण्या! पट्टी तोंडावर आपटली! कदम बाधित नव्हतीच. पोलीसवाले म्हणतात, मशिनच्या चुकीची शिक्षा पोरींना नको, दोघींची निवड-चाचणी वेगळी घेतो. दुपारी समिती व्हिडिओवर येतीय. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की लाल दिव्याला दुसरं काही कारण नव्हतं."

मी पलंगावर उभी राहून नाचले. "तृप्ते! चाचणी घेतायत! ऐकलंस का? चहाडी खोटी पडली!"

तृप्ती हसली नाही. नखं कुरतडत बसली होती. मी पलंगावरून खाली उतरले. माझ्या मनात तो जुना किडा वळवळायला लागला. आजार नाही, तर लाल दिवा का लागला? सांगत होती तेव्हा तिला एवढं बारीकसारीक कसं माहीत होतं, आत घेताना शब्द कसा म्हणायचा ते? असलं काही खोटं रचणाऱ्याच्या डोक्यात ऐन वेळी कुठून येतं?

"टाकीमागं कुणाला भेटायचीस?" मी विचारलं.

"कुणाला न्हाई. सराव करायचे."

"कशाचा?"

तिनं नुसता गळ्याला हात लावला. तेवढंच पुरे होतं.

"म्हणजे तू तिथं खरं बोललीस?"

"सगळं खरं. तुझी फायनल वाचावी म्हणून खरं बोलले होते गं. पहिल्यांदाच."

"मग दाखवलं का नाहीस? येत होतं ना तुला? का थांबलीस?"

तृप्तीचे डोळे भरून आले. "तू उभी राहिलीस ना. सगळ्यांसमोर. दूधवाल्यावर, सरांवर, स्वतःच्या मामावरसुद्धा तुझा भरवसा न्हाई, आणि माझ्याबद्दल म्हणालीस, हिच्याइतकं इमानदार कुणी नाही. मग माझं तोंडच उघडेना. म्हटलं, बाधित ठरलेलं परवडलं, पण हिच्यासमोर चोर नको."

मला काय होतंय तेच कळेना. तिच्या थोबाडीत मारावी वाटली, तिला जवळ घ्यावं वाटलं, आणि स्वतःच्याही थोबाडीत मारावी वाटली. आयुष्यभर संशय घेतला आणि एकदा घेतला नाही, तर त्यानंच माझी फायनल गेली. "मेले गं मी तुझ्यापायी!" मी ओरडले. "तुझ्या अब्रूपायी मी घरी बसले!"

"तुझी चाचणी होतीय ना आता," ती डोळे पुसत म्हणाली. "तू म्हणशील तसं करू. तू गप्प राहा, मीपण राहते. चाचणीत मी इमानानं खेळीन, शप्पथ."

दुपारी फोन खिडकीत टेकवून आम्ही दोघी समोर बसलो. एका चौकोनात तांबोळी सर, एकात गुजले सर आणि पोलीस संघाचे एक साहेब, एकात मेहेंदळे मॅडम. मॅडमचा चेहरा उतरला होता, झोप झालेली दिसत नव्हती.

"मुलींनो, आधी मी माफी मागते," त्या म्हणाल्या. "माझ्या पट्टीनं तुमचा सामना घालवला. का चुकली ते मी कालपासून शोधतेय, सापडत नाही. आणि कारण सापडेना म्हणून वरून आदेश आलाय. सोमवारपासून सगळ्या शाळांतून, आश्रमशाळांतून पट्ट्या काढायच्या." त्या थांबल्या. "एकदाच विचारते. तुम्हाला खरंच दुसरं काही कारण माहीत नाही ना?"

गुजले सर त्यांच्या चौकोनातून मला डोळ्यांनी खुणावत होते.

आश्रमशाळा म्हटल्याबरोबर मला आईचं स्वयंपाकघर दिसलं. दोनशे पोरं रांगेनं ताट घेऊन तिच्यापुढून जातात. पट्टी आल्यापासून त्या शाळेत चोरताप शिरला नव्हता, म्हणून तर ती पुन्हा कामावर गेली होती. तिचं फुप्फुस आता दुसरा तडाखा सोसणारं नव्हतं, डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. आणि समोर त्या चौकोनात माझी वर्दी बसली होती, साहेबांच्या शेजारी. खोटं सांगते कशाला, मी दोन्हीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. गुजले सर म्हणाले, "बोल की ढाण्या, नाही म्हण."

तृप्तीनं तोंड उघडलं, तोच मी तिचा हात दाबला.

"मॅडम, पट्ट्या काढू नका," मी म्हणाले. "पट्टी चुकली नाही. तिनं जे ऐकलं ते खरंच होतं. ही त्या दिवशी खरं बोलत होती."

गुजले सरांनी कपाळाला हात लावला. तांबोळी सर पुढं वाकले. "अगं, पण तूच तर साक्ष दिलीस, हिला येत नाही म्हणून."

"दिली, सर. विश्वास ठेवला होता. सवय नव्हती, चुकला."

"म्हणजे मशिनची चूक नाही," पोलीस संघाचे साहेब म्हणाले. "मग वेगळी चाचणी घेता येणार नाही. सॉरी ढाणे." आणि त्यांचा चौकोन बंद झाला, गुजले सरांसकट. बस्स. एवढ्या वर्षांची वर्दी चिमूटभर वेळात गेली. मी फोनकडेच बघत राहिले.

"तृप्ती," मेहेंदळे मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "पट्टी आहे तुझ्याजवळ? लाव. आता कर. मला तो आवाज हवाय."

तृप्तीनं मास्क काढला, पट्टी लावली आणि सुरुवात केली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज बारीक झाला, घरघरला, आणि या वेळी थांबला नाही. ओठ आत वळले आणि शब्द उलटा चालत राहिला, आत, मग बाहेर, मग पुन्हा आत. तीन वर्षं ज्या आवाजाच्या जिवावर मी कोपऱ्यात उभी राहिले, तो मी आत्ता पहिल्यांदा नीट ऐकत होते. गळ्यावर लाल दिवा लागला. मॅडम जवळजवळ ओरडल्या, "हेच! हेच ते! परत कर. थांबू नकोस, मला पुष्कळ नमुने लागतील. आता पट्टीला तिसरी गोष्ट शिकवता येईल."

तांबोळी सर खाली मान घालून ऐकत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "कदम, दोन वर्षं. आणि हे असं आहे, की आता ही पट्टी रोगापेक्षा चोर जास्त पकडेल. पंचांची नोकरीच गेली म्हणायची." मग तेही गेले.

मॅडमनी दुपारभर तिला सोडलं नाही. "परत," म्हणायच्या. "आणखी एकदा, जरा हळू. आता जोरात." तृप्ती करत राहिली, घसा फाटेपर्यंत. ज्या चोरीपायी तिची दोन वर्षं गेली, ती चोरी सगळ्या राज्यातल्या पट्ट्यांना शिकवायचं काम तिच्याच गळ्यात आलं होतं. मी शेजारी बसून ऐकत होते. ती कधी दमली, कधी रडायला आली, ते मला आता श्वासावरूनच कळत होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "झालं. सोमवारी पट्ट्या निघणार नाहीत." फोन बंद झाला. तृप्तीचा आवाज पार बसला होता. मी ग्लासात कोमट पाणी ओतलं आणि तिच्या हातात दिलं.

ती ग्लास धरून बसली. "सगळं सांगून टाकलं मी आता," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता तरी भरवसा ठेवशील का गं माझ्यावर?"

"न्हाई," मी म्हणाले. "पाणी पी आधी. सगळं पी, मी बघतीय."